मॅग व्हीलवरचा ब्रेकचा काळा थर काढताना या चुका टाळा

पसरणीचा घाट उतरून वाईत चहाला थांबलात, तर चहा येईपर्यंत एकदा गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसा. हात लावू नका, नुसतं बघा. सकाळी निघताना चकचकीत असलेलं चाक आता चुलीवरून उतरवलेल्या पातेल्याच्या बुडासारखं झालेलं दिसेल. मागची चाकं त्यामानाने बरीच बरी. चारही चाकं एकाच रस्त्यावरून आली, मग काजळी दोघांच्याच तोंडाला का?

कारण ती रस्त्याची धूळ नाहीच. ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासतात आणि दोघंही थोडे थोडे झिजतात. डिस्क असते बिडाची. पॅडमध्ये राळ, ग्रॅफाइट आणि पुष्कळ पॅडमध्ये लोखंडाचे तंतू. या सगळ्याचा जो भुगा उडतो तो गरम असतो, पिठाहून बारीक असतो आणि त्याची बाहेर पडायची वाट रिमच्या अंगावरूनच जाते. ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे साधारण ६० ते ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय आपल्याकडच्या अनेक हॅचबॅकना मागे ड्रम ब्रेक असतो, म्हणजे बंद डब्यातला ब्रेक. तिथे पॅडऐवजी असलेल्या लायनरचा भुगा डब्यातल्या डब्यात राहतो.

म्हणजे चाकावर बसलंय ते मुख्यतः लोखंड. घरात बिडाचा तवा असेल त्यांना पुढचं सांगायला नको. तवा धुऊन ओलाच ठेवला की सकाळी तांबूस होतो. चाकावरचा कणही रात्रीच्या दवात गंजतो, फुगतो आणि खालच्या पारदर्शक थरात रुतून बसतो. शॅम्पूने धुतल्यावरही हाताला खरखर लागते आणि उन्हात तपकिरी पुटकुळ्या दिसतात, त्या याच.

आता खाली काय आहे तेही बघा. बहुतेक मॅग व्हील अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर लॅकर म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम केसाच्या जाडीचा. लोखंड कडक आणि टोकदार, लॅकर मऊ. मी गेली दहाएक वर्षं माझी गाडी स्वतः धुतोय आणि ओळखीपाळखीच्या गाड्यांची चाकंही न विचारता तपासतो (ही सवय घरी कुणाला आवडत नाही). या काळात जी बिघडलेली चाकं पाहिली, त्यातली बहुतेक ब्रेकच्या भुग्याने बिघडलेली नव्हती. ती धुताना बिघडली होती. त्यातली एक जोडी माझी.

हिरवी घासणी

आधी माझंच सांगतो. तेव्हा गाडीला काळी चकचकीत चाकं होती. तीन आठवडे गाडी धुतली नव्हती, मध्ये एक कोल्हापूर फेरी झाली होती. रविवारी सकाळी शॅम्पूने काळं निघेना म्हणून स्वयंपाकघरातली हिरवी घासणी आणली. पहिलं चाक झालं, मस्त वाटलं. दुसरं अर्धं झालं तेव्हा आई गॅलरीतून म्हणाली, "अरे, गाडी धुतोयस की कढई घासतोयस?" चाक वाळलं, त्यावर ऊन आलं आणि कळलं. प्रत्येक आऱ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. काळं निघालं होतं, पण त्याच्याबरोबर चकाकीही गेली होती.

त्या हिरव्या घासणीत घासकागदासारखे कडक कण असतात. तारेची घासणी तर विचारूच नका. तांब्या-पितळेची भांडी लखलखीत करणारी पावडर, टूथपेस्ट, राख, खरखरीत काथ्या, सगळ्यांची जात एकच. टूथपेस्टचा उपाय व्हिडिओत फार दिसतो. तो तात्पुरता चमकवतो, कारण तो लॅकर खरवडतो.

पण एक गोष्ट या यादीत धरली जात नाही. कोरडं फडकं. चाकावर भुगा आहे आणि आपण पिवळं फडकं घेऊन "जरा पुसून घेतो" म्हणतो, तेव्हा हातात खरं तर लोखंडाच्या किसाचा घासकागद असतो. ओलं केल्याशिवाय चाकाला फडकं लावायचंच नाही.

हत्यारं साधी ठेवा: मऊ केसांचा ब्रश, आऱ्यांच्या मागे रिमच्या पोटात जाईल असा लांब मऊ ब्रश आणि नटांच्या खोबणीसाठी रंगाचा जुना गोल ब्रश. रंगाच्या ब्रशला पत्र्याची कड असते, तिला चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर केस मऊ असूनही पत्रा ओरखडे काढतो.

तापलेल्या चाकावर पाणी

घाटातून आल्या आल्या वॉशिंग सेंटरला गाडी लावायची आणि पोऱ्याने लगेच प्रेशरचा पाइप चाकावर धरायचा, हे रोज चालतं. घाट उतरताना डिस्क दोन-तीनशे अंशांपर्यंत सहज तापते. गार पाण्याने ती एका बाजूने एकदम आकसते. वारंवार असं झालं तर तिला बाक येऊ शकतो, मग ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं. आणि जे काही क्लिनर मारलं असेल ते गरम रिमवर क्षणात वाळून डाग सोडतं. सावलीत लावा, अर्धा तास थांबा, हाताची मागची बाजू रिमजवळ नेऊन बघा. ऊब लागत नसेल तर सुरू करा.

अ‍ॅसिड

ही सगळ्यात महाग चूक आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

लोखंडाचा गंज आम्लात विरघळतो हे खरं. म्हणूनच "दोन मिनिटांत नवं चाक" करणाऱ्या बऱ्याच वॉशिंग सेंटरमध्ये पांढऱ्या कॅनमध्ये काहीतरी निनावी असतं. कॅनवर लेबल नसतं, बाटलीच्या झाकणाला भोकं पाडलेली असतात आणि चाकावर मारलं की पांढरा फेस येऊन नाकाला झोंबतं. माझ्या एका मित्राच्या गाडीला डायमंड कट चाकं होती, म्हणजे पुढचा भाग लेथवर कापून धातूची बारीक रेघ दाखवलेली. अशा एका सेंटरमधून ती धुऊन आली तेव्हा आम्ही दोघांनीही कौतुक केलं. पुढच्या पावसाळ्यात नटांच्या भोवती आणि आऱ्यांच्या कडेला लॅकर दुधाळ झालं. दिवाळीपर्यंत त्याखाली पांढऱ्या अळ्या सरपटत गेल्यासारख्या वाकड्यातिकड्या रेषा उमटल्या.

झालं ते असं. तीव्र आम्ल लॅकरला धूसर करतं, आणि जिथे आधीच टवका उडालेला आहे तिथून आत शिरून थेट अ‍ॅल्युमिनियम खातं. डायमंड कटमध्ये कापलेल्या कडा धारदार असतात आणि धारेवर लॅकर सगळ्यात पातळ बसतं, म्हणून तिथून सुरुवात होते. आत एकदा ओल गेली की गंज लॅकरखालून पुढे सरकत राहतो. मग कुठलंही क्लिनर, पॉलिश, कोटिंग कामाचं नाही. लॅकर उतरवून चाक पुन्हा लेथवर चढवावं लागतं, आणि प्रत्येक वेळी थोडा धातू जातो, त्यामुळे हे कितीही वेळा करता येत नाही.

संडास साफ करायचं द्रावण बहुतेक हायड्रोक्लोरिक आम्लाचं असतं. ते संडासाच्या भांड्यासाठी आहे. काही जहाल व्हील क्लिनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. याची गोष्ट आणखी वाईट. कातडीवर पडलं तरी सुरुवातीला फारसं दुखत नाही, पण ते आत झिरपतं आणि शरीरातल्या कॅल्शियमवर हल्ला करतं. बाटलीवर हे नाव दिसलं तर ती दुकानातच ठेवा. चुकून हातावर पडलं तर भरपूर पाण्याने धुवत लगेच दवाखाना गाठा, जळजळ नसली तरीही.

"मग अ‍ॅसिड नको, सोडा चालेल का?" असं विचारणारेही भेटतात. नाही चालत. अ‍ॅल्युमिनियमची गंमत अशी की ते आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा उकळला की ते काळवंडतं हे घरात पाहिलेलं असतंच. कॉस्टिक सोडा, ओव्हन क्लिनर, इंजिन धुवायचा कडक डीग्रीझर हे लॅकर नसलेल्या जागी रिम काळपट करतात. कपड्यांची पावडरही अल्कधर्मी असते. एकदा वापरलीत म्हणून चाक मरणार नाही, पण वर लावलेलं वॅक्स मात्र धुपून जाईल.

ओलं सिमेंटही अल्कधर्मीच, म्हणून तेही वाईट. सोसायटीच्या शेजारी बांधकाम चालू असेल, रस्त्याचं काँक्रिटीकरण चालू असेल आणि त्या घोळातून गाडी गेली असेल, तर त्याच दिवशी भरपूर पाणी मारा. वाळलेला शिंतोडा नखाने उकरू नका.

एक बादली, एक फडकं

आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला एक मामा येतात. एक बादली, बारा-चौदा गाड्या. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, महिन्याच्या त्या पैशात ते आणखी काय करणार? पण बादलीत हात घालून बघा, तळाशी काळी वाळू लागेल. ती शेजारच्या गाडीच्या चाकावरून आली आणि आता तुमच्या बॉनेटवर जाणार. मी मामांना एवढंच सांगितलं, "मामा, माझ्या चाकांना हात नका लावू, ती मी बघतो." ते म्हणाले, "बरं झालं दादा, तेवढीच कंबर वाचली."

घरी धुताना चाकांची बादली, चाकांचे ब्रश, चाकांची फडकी वेगळी. माझ्या फडक्यांच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याची गाठ आहे. ती गाठ दिसली की ते फडकं काचेला किंवा रंगाला लागत नाही. आणि सुरुवात चाकांपासून करा, बॉडी नंतर. उलट केलंत तर चाकाचे काळे शिंतोडे धुतलेल्या दारावर उडतात आणि तोवर बॉडीवरचं पाणी वाळून डाग पडतात. ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी आहे त्यांना हे डाग ओळखीचे असतील. एका वेळी एकच चाक घ्या, धुवा, लगेच पुसा, मग दुसरं.

जांभळं पाणी दिसलं की काम झालं, हा समज

शॅम्पूने जे निघत नाही त्यासाठी आयर्न रिमूव्हर किंवा फॉलआउट रिमूव्हर या नावाने द्रावण मिळतं. त्यातला मुख्य घटक बहुधा थायोग्लायकोलेट जातीचा असतो, तोच जो केस कुरळे करायच्या द्रावणात वापरतात. म्हणून वासही तसाच: सडक्या अंड्याच्या जवळ जाणारा. तो रुतलेल्या लोखंडाशी संयोग पावतो आणि रंग जांभळा होतो. चांगल्या प्रतीचं द्रावण आम्लही नसतं आणि कडक अल्कलीही नसतं, त्यामुळे लॅकर शाबूत राहतं.

पहिल्यांदा मारलंत की बघत बसावंसं वाटतं. पहिलं अर्धं मिनिट काहीच नाही. मग नटांच्या खोबणीतून एक जांभळा ठिपका उमटतो, मग आऱ्याच्या मुळाशी दहा, आणि बघता बघता जांभळाचा रस सांडल्यासारखे ओघळ टायरवर उतरतात. इथेच लोक फसतात.

पहिली फसवणूक: वरचा सुटा भुगा न धुता थेट रिमूव्हर मारणं. मग ते महागडं द्रावण साध्या पाण्याने निघणाऱ्या भुग्यावर खर्ची पडतं आणि रुतलेल्या कणापर्यंत पोचतच नाही. जांभळं भरपूर दिसतं, पुटकुळ्या तशाच. आधी पाणी, मग शॅम्पू, मग पाणी निथळू द्या आणि त्यानंतर रिमूव्हर.

दुसरी: "अजून थोडा वेळ राहू दे." बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिली असतील तेवढीच, साधारण ३ ते ५. उन्हात वाळलं तर जांभळे डाग काढायला दुप्पट कष्ट पडतात. राहिलंच थोडं, तर धुऊन पुन्हा एकदा मारा. एकदाच पंधरा मिनिटं ठेवण्यापेक्षा दोनदा चार मिनिटं बरं.

तिसरी: दर रविवारी मारणं. वर्षातून तीन-चार वेळा पुरे. घाटात सतत जाणं-येणं असेल किंवा गाडी रेल्वेरुळांजवळ उभी राहत असेल तर एखादी वेळ जास्त. रुळांवरूनही लोखंडाचा बारीक भुगा उडतो. बाकी आठवड्या-दोन आठवड्यांनी साधा कार शॅम्पू पुरतो.

चौथी: त्याच्याकडून डांबर निघायची अपेक्षा. उन्हाळ्यात नव्या डांबरीवरून गेल्यावर जे काळे ठिपके बसतात ते लोखंड नाहीत, ते जांभळे होणार नाहीत. त्याला टार रिमूव्हर लागतो. अगदीच हाताशी नसेल तर फडक्याच्या टोकाला थोडं रॉकेल, ठिपक्यावर दाबून धरायचं, पुसायचं आणि लगेच शॅम्पूने धुवायचं. रबराला नाही, डिस्कला तर अजिबात नाही.

झाल्यावर खात्री कशी करायची? दुधाची रिकामी, स्वच्छ धुतलेली पिशवी हातात मोज्यासारखी घाला आणि ओल्या रिमवरून बोटं हलकेच फिरवा. प्लास्टिकमधून बोटाला दहापट जास्त कळल्यासारखं वाटतं. गुळगुळीत लागलं तर झालं. रवाळ लागलं तर आणखी एक हात मारा, किंवा क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा, घ्या. चाकावर वापरलेला क्लेचा गोळा मात्र पुन्हा बॉडीवर फिरवायचा नाही.

कॉम्प्रेसरने भुगा उडवणं

गॅरेजमध्ये चाक काढलं की हवेचा पाइप धरून भुर्रकन भुगा उडवतात. चाक पाच सेकंदांत स्वच्छ आणि समोर उभ्या असलेल्या पोऱ्याच्या नाकातोंडात काळा ढग. हा भुगा इतका बारीक असतो की तो फुप्फुसात खोल जातो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत धुराड्याबरोबर पहिल्यांदाच ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवरही मर्यादा घातली, ती उगीच नाही. मेकॅनिकला सांगा, "दादा, हवा नको, ओल्या फडक्याने पुसा." हसतील, पण ऐकतात.

डिझेलचा हात आणि टायर पॉलिश

वॉशिंगनंतर खालच्या बाजूला आणि टायरला डिझेल किंवा जळकं ऑइल फवारायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. टायर दोन दिवस काळाभोर दिसतो, रबर मात्र तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. त्याहून मोठी भीती अशी की तो फवारा डिस्कवर आणि पॅडवर बसतो. तेल प्यालेला पॅड पकडत नाही. गाडी देतानाच "डिझेल मारू नका" असं सांगायचं आणि तिथेच उभं राहायचं.

टायर पॉलिशचंही तसंच. बाटलीतून थेट फवारू नका. स्पंजवर घ्या, फक्त टायरच्या बाजूच्या भिंतीला लावा, जास्तीचं पुसून टाका, नाहीतर पहिल्याच किलोमीटरला त्याचे तेलकट शिंतोडे चाकावर आणि दारावर उडतात आणि पुढचा भुगा त्यावर हवा तसा चिकटतो. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला कधीच नाही. दुचाकीला तर ही चूक थेट हाडं मोडणारी.

धुतली आणि लावून टाकली

शनिवारी संध्याकाळी गाडी धुवायची, हँडब्रेक ओढायचा आणि सोमवारी सकाळी काढायची. सोमवारी "कटक्" असा आवाज येतो आणि डिस्कवर नारिंगी थर दिसतो. पुन्हा तोच बिडाचा तवा. घाबरू नका, दोन-चार ब्रेक मारले की तो निघतो. पण निघतो म्हणजे कुठे जातो? तुमच्या नुकत्याच धुतलेल्या रिमवर, तपकिरी भुग्याच्या रूपात. धुतल्यावर एक-दीड किलोमीटर फिरवून आणा, मोकळ्या रस्त्यावर हलके हलके ब्रेक दाबा, डिस्क वाळली की मग लावा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हे जास्त पाळावं. तिथे मोटरच गाडीचा वेग कमी करते, त्यामुळे भुगा कमी पडतो, पण डिस्कला घासायची संधीही कमी मिळते आणि पावसाळ्यात ती जास्त गंजते.

कोकणातून आलात तर वेगळी घाई करा. किनाऱ्याच्या वाळूत गाडी घालू नये हे मी सांगून कुणी ऐकणार नाही, म्हणून एवढंच सांगतो: घरी पोचायची वाट न बघता मुक्कामाच्या ठिकाणीच गोड्या पाण्याने चाकं, आरे आणि रिमचं पोट धुवा. लॅकरला एखादा टवका असेल तर मीठ त्यातून आत जायला फार दिवस घेत नाही.

कोटिंग केलं, आता धुवायला नको

वॅक्स, सीलंट, सिरॅमिक कोटिंग यांतलं काहीही भुगा थांबवत नाही. ते फक्त भुग्याला घट्ट बसू देत नाही, म्हणजे पुढच्या वेळी शॅम्पू आणि पाण्यात काम होतं. वॅक्स चाकाच्या उष्णतेत काही आठवडे टिकतं, चांगलं सीलंट काही महिने आणि सिरॅमिक नीट बसलं तर वर्षभर किंवा जास्त.

नीट बसणं हीच मेख आहे. रुतलेलं लोखंड तसंच ठेवून वर कोटिंग लावलंत, तर तुम्ही पुटकुळ्यांना काचेच्या कपाटात ठेवलंत. क्रम असा: धुणं, आयर्न रिमूव्हर, लागलं तर टार रिमूव्हर आणि क्ले, पूर्ण वाळवणं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसणं, आणि मग कोटिंग. भर उन्हात नाही, दमट पावसाळी हवेत नाही, आणि नंतर किमान २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मे महिन्यात करून घेतलेलं बरं. डिस्कला आणि कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) आतल्या बाजूला एक थेंबही जाऊ देऊ नका. चाकं गाडीला असतानाच काम करायचं तर डिस्कवर जुनं वर्तमानपत्र धरा.

मॅट रंगाची चाकं असतील तर पॉलिश आणि साधं वॅक्स दोन्ही विसरा. मॅट जागोजागी चमकू लागतं आणि ते परत आणता येत नाही.

खरं संरक्षण मात्र रिमच्या पोटात हवं असतं, कारण सगळ्यात जास्त भुगा तिथेच बसतो. चाक बसवलेलं असताना हात तिथे पोचत नाही. साधारण दर १०,००० किलोमीटरला टायर रोटेशन, म्हणजे चाकांच्या जागांची अदलाबदल करता, तेव्हा चाक खाली आलेलंच असतं. दुकानदाराला आधी सांगून ठेवा, "पाच मिनिटं द्या, आतून धुऊन घेतो." आतल्या बाजूला बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं असतात, त्यांच्या कडेला ब्रशने जोर करू नका. प्रेशरचा पाइपही फूटभर लांब धरा आणि व्हॉल्व्हवर रोखू नका.

धुऊनही तेच दिसतंय? मग चाकाचं ऐका

स्वच्छ करताना चाकाइतकं जवळून आपण गाडीचा दुसरा कुठलाच भाग बघत नाही. म्हणून धुताना थोडी पारख करावी.

पुढच्या दोनपैकी एकच चाक दुप्पट काळं होतंय का? तिथला कॅलिपर जाम असायची शक्यता धरा. पिन वंगणाविना अडकली की पॅड डिस्कला सतत चिकटून राहतो. थोडं चालवून थांबलात की त्याच चाकापाशी जास्त गरम हवा लागते, गाडी एका बाजूला ओढते, अ‍ॅव्हरेज पडतं. शॅम्पू बदलून हे सुटणार नाही. उलट, एक चाक अगदीच स्वच्छ राहत असेल तर खूश होऊ नका. तिथला ब्रेक कामच करत नसेल.

पॅड बदलल्यावर एकदम भुगा वाढलाय? पहिले काही शे किलोमीटर नवा पॅड डिस्कवर बसत असतो, तेवढं चालतं. त्यानंतरही तसंच असेल तर पॅडचा मसाला वेगळा आहे. धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड काळा भुगा जास्त टाकतात. सिरॅमिक पॅडचा भुगा कमी, फिकट आणि सहज निघणारा असतो. फक्त तुमच्या गाडीसाठी कंपनीने मान्य केलेला असेल तोच घ्या. चाकामागे बसवायच्या धूळरोधक चकत्या मी घेणार नाही. त्या हवाही अडवतात, आणि आपल्या घाटांत डिस्कला हवा हवीच.

घाटाचं निघालंच तर, उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. आंबेनळीसारख्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवून येणाऱ्याची आणि गिअरवर येणाऱ्याची चाकं खाली आल्यावर शेजारी लावून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

पावसाळी सहलीनंतर ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागलं तर बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी रिमच्या पोटात हात घाला. एका बाजूला वाळलेल्या चिखलाचा पो बसलेला असतो. तेवढ्या वजनाने चाक डगमगतं. चिखल काढला की थरथर गेली, असं माझ्याच गाडीला दोनदा झालंय.

दर पंधरा दिवसांनी एकाच टायरची हवा उतरते आणि पंक्चरवाल्याला पाण्यात बुडवूनही भोक सापडत नाही, तेव्हा त्याला टायर काढून रिमची कड बघायला सांगा. टायर जिथे रिमवर बसतो तिथे लॅकरखाली पांढरा गंज धरला की तिथून हवा बारीक बारीक निसटते. ती कड घासून साफ करून सील करावी लागते.

आणि शेवटचं. चाकाच्या आतल्या बाजूला भुगा कोरडा नसून ओलसर, चिकट, चिखलासारखा दिसला तर पाण्याचा पाइप खाली ठेवा. दाट आणि काळपट असेल तर बहुधा अ‍ॅक्सलच्या टोकाचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस उडतंय. पातळ, निसरडं असेल आणि त्याखाली रंगाचा पापुद्रा सुटत असेल तर ते ब्रेक ऑइल आहे. ते रंग खातं. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीची पातळी बघा. खाली गेलेली असेल तर गाडी वॉशिंगलाही नेऊ नका आणि गॅरेजलाही चालवत नेऊ नका. मेकॅनिकला जिथे आहे तिथेच बोलवा.